टोपीच्या आतले नाव

माझ्या बैठकीच्या खोलीत काचेचे एक कपाट आहे. त्यात चांदीची भांडी नाहीत, की काचसामान नाही, टोप्या आहेत. आज मोजल्या तर 27 भरतील. कापडाच्या धंद्यात हयात घालवलेल्या माणसाला छंद लागावा तोही डोक्याच्या कापडाचाच, याचे घरात सर्वांना हसू येते. सौभाग्यवतींनी एकदा सरळ विचारले होते, "डोके एक आणि टोप्या इतक्या, परिग्रहाची मर्यादा घेतली तेव्हा हे कोणत्या रकान्यात लिहिले होते?" मी ते हसण्यावारी नेले.

आमचे दुकान सोलापूरचे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णा काळी टोपी घालून गादीवर बसत आणि दुकानात पाऊल टाकणाऱ्याला मालक कोण हे विचारावे लागत नसे. त्या काळी ताग्यावर मिलचे नाव सोनेरी अक्षरांत छापलेले असे, काठावरही असे. पण ते दुकानदाराच्या आणि गिऱ्हाइकाच्या खात्रीपुरते. पुढे ते शिंप्याच्या कात्रीखाली जाई, नाहीतर शिवणीत दडे. अंगावर गिरणीचे नाव मिरवावे, असे कोणाच्या मनातही येत नसे. नंतर सुटाच्या बाहीवरची चिठ्ठी तशीच ठेवणारे आणि गॉगलच्या काचेवरचा स्टिकर न काढणारे नवरदेव आम्ही पाहिले. दुकानाचे शटर खाली ओढल्यावर त्यांच्यावर हसलोही. त्या हसण्यात गंमत किती होती आणि गर्व किती, याचा हिशेब तेव्हा कोणी मांडला नाही.

टोप्यांनी मला मोहात पाडले ते याच कारणाने. चांगली टोपी आपले नाव आत ठेवते. इटलीत अलेस्सांद्रिया नावाच्या गावी 1857 साली बोर्सालिनोंनी आपला कारखाना काढला. त्यांच्या टोपीला बाहेरून पाहिले तर एक साधी फीत. नाव शोधायचे तर टोपी काढून उलटी करावी लागते. अँटवर्पला हिऱ्यांच्या व्यवसायात असलेल्या माझ्या मेहुण्यांनी तशी एक राखाडी टोपी मला आणून दिली, तेव्हा मी ती दोन दिवस नुसती हातात घेऊन बसलो होतो. पनामा टोपीचेही मला असेच कौतुक. ती पनामाची नव्हेच, ती इक्वाडोरची. तोकिया नावाच्या झाडाच्या पातींचे बारीक तंतू काढून ती हाताने विणतात, आणि मोंतेक्रिस्ती गावची उत्तम टोपी विणायला कित्येक महिने लागतात. हा माल पनामाच्या बाजारातून जगभर गेला म्हणून तेच नाव चिकटले. माल एका गावचा आणि नाव बाजारपेठेचे, हे आपल्या व्यापारी मंडळींना काही नवे नाही. 2012 साली युनेस्कोने या विणकामाची वारसा म्हणून नोंद घेतली.

कपाटात एक खादीची पांढरी टोपीही आहे. तिच्या आत नाव नाही, बाहेरही नाही. तरी गांधीजींच्या काळात ती डोक्यावर चढली की माणूस कोणत्या बाजूचा हे लांबून कळे. त्याच कोऱ्या टोपीवर 2011 सालच्या आंदोलनात ठळक अक्षरे छापली गेली. ते पाहून मला वाईट वाटले होते, एवढेच नोंदवतो.

गेल्या दिवाळीत नातू पुण्याहून सुटीला आला, तो छातीवर हिरवी मगर भरलेला शर्ट घालून. रने लाकोस्त या फ्रेंच टेनिसपटूने 1933 साली आपल्या शर्टांवर ही मगर आणली. कपड्याच्या बाहेरच्या अंगावर दिमाखाने बसलेल्या पहिल्या काही व्यापारी चिन्हांत तिची गणना होते. मी त्याला म्हणालो, "अरे, पैसे तू द्यायचे आणि जाहिरातही तूच करायची? आपल्याकडे लांछन असते ते मूर्तीच्या आसनावर, तेही ओळखीपुरते." नववे तीर्थंकर पुष्पदंत यांचे लांछन मगर, हे त्याला ठाऊक होते की नाही कोण जाणे. लांछन या शब्दाचा मराठीतला दुसरा अर्थ मात्र माझ्या मनात होता, आणि तो त्याने ओळखला.

त्याने कपाट उघडले, राखाडी टोपी काढली, उलटी केली आणि म्हणाला, "आजोबा, घरी पाहुणे आले की तुम्ही टोपी अशीच उलटी करून दाखवता. मग नाव आत असले काय नि बाहेर असले काय?" मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात त्याने पुढे विचारले, "आणि ही कशाची आहे?"

"फेल्ट."

"फेल्ट कशाचे?"

मी लोकर म्हणालो. तो थोडा वेळ मोबाइलवर वाचत बसला आणि मग हलक्या आवाजात म्हणाला, "सशाच्या केसांचे, आजोबा. माझी मगर तरी नुसती दोऱ्याची आहे."

मला ठाऊक नव्हते, असे लिहिणे सोपे आहे. पण ज्या माणसाने जन्मभर कापडाचा एक धागा काढून, काडी लावून, वासावरून सूत कोणते ते सांगितले, त्याच्या बोटांना लोकर आणि तो मऊपणा यांतला फरक कळला नसेल काय? मंदिरात शिरताना मी कमरेचा चामडी पट्टा काढून ठेवतो. आणि ते सोनेरी नाव टोपीच्या आतल्या चामड्याच्या पट्टीवरच उमटवलेले आहे. मी नाव वाचले, पट्टी पाहिली नाही. भाव विचारला, वजन विचारले, कशाची हे विचारले नाही.

त्यानंतर मी वाचत गेलो. युरोपात टोपीसाठी बीव्हर या प्राण्याची इतकी हत्या झाली की तो तिथून जवळजवळ नाहीसा झाला, आणि मग तो व्यापार उत्तर अमेरिकेच्या जंगलांत शिरला. केस एकमेकांत घट्ट बसावेत म्हणून कातड्यांना पाऱ्याचे द्रावण लावीत. त्या वाफेने कारागिरांचे हात कापू लागत, मन ताळ्यावर राहत नसे. अमेरिकेत ही रीत 1941 च्या डिसेंबरात बंद झाली.

कपाटातल्या 9 टोप्या अशा निघाल्या. त्यांचे काय करावे ते अजून ठरत नाही. विकाव्यात तर त्यावर नफा घेणे आले. कोणाला द्याव्यात तर आपले ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवल्यासारखे होईल. टाकून दिल्याने ससा परत येत नाही. तूर्त त्या खोक्यात बांधून माळ्यावर ठेवल्या आहेत. उन्हात बाहेर पडताना पनामा घालतो. तिच्याही आतली पट्टी मी उसवून काढली.

मार्गशीर्षात घरात लग्न होते. नातू म्हणाला, "मला फेटा नको, पणजोबांची काळी टोपी द्या." मी ती ट्रंकेतून काढली. आत नाव नव्हते, फक्त पेन्सिलीने लिहिलेला डोक्याच्या मापाचा आकडा. सवयीने मी शिवणीतून एक धागा ओढला आणि काडी लावली. जळालेल्या केसांचा वास आला. म्हणजे लोकर. कातरलेल्या मेंढीची असणार, असे मी म्हणालो.

नातू माझ्याकडे पाहत राहिला. मग टोपी घेऊन आरशासमोर गेला. त्याला ती थोडी सैल होते.