इंदुरात एका सायकलीचे माप

इंदूरला जाणारा प्रवासी राजवाडा पाहतो, सराफ्यात रात्री फिरतो आणि परततो. आम्ही माणिकबागही बाहेरून पाहिली. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पीकडून हा महाल घडवून घेतला व त्यात पोलादी नळ्यांच्या खुर्च्या मांडल्या. नळी वाकवून खुर्ची करण्याची कल्पना मार्सेल ब्रॉयर या कारागिरास 1925 च्या सुमारास आपल्या सायकलीच्या हँडलवरून सुचली, असे सांगतात. महालातले पुष्कळसे सामान 1980 साली मोनाको येथे लिलावात विकले गेले. पुढे वास्तूत सरकारी कचेरी आली.

पोलादी नळीचाच एक प्रश्न आमच्या यजमानांच्या घरी चालला होता. नोकरीनिमित्त आपल्याकडून तिकडे गेलेले हे कुटुंब. थोरल्या मुलास मापाप्रमाणे बांधलेली सायकलीची फ्रेम आणि तिचा पुढचा चिमटा, ज्यास फोर्क म्हणतात, एका बाहेरगावच्या कारागिराकडून करवून घ्यायचा होता. किंमत ऐकून वडील गप्प झाले होते. "तयार सायकल दुकानात टांगलेली असता हा थाट कशाला?" असे ते पोह्यांची बशी पुढे करीत आम्हांस म्हणाले.

मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे होते. त्याचे पाय लांब, धड आखूड. सीट पायांस जुळवावी तर हँडल दूर जाते; मग सारा भार मनगटांवर येतो आणि तासाभरात मान आखडते. "काका, चप्पल आपण पायात घालून पाहून घेतो ना?" तो म्हणाला. हँडलखालचा आडवा तुकडा आखूड बसवून काम भागते का, ते त्याने आधी पाहिले होते. भागले असते तर नवी फ्रेम व्यर्थ खर्च, असे आमचेही मत आहे. परंतु तो तुकडा फार आखूड केला, तेव्हा हँडल हाताखाली चळू लागले.

आम्ही विचारले, जाणार कोठे? हाच प्रश्न आधी हवा. त्यास महेश्वर गाठायचे होते. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. महूवरून मंडलेश्वराची वाट धरली की होळकरकालीन जाम दरवाजा लागतो आणि तेथून विंध्याचा घाट निमाडात, नर्मदेच्या बाजूस उतरतो. जाऊन येऊन दीडशे किलोमीटरांहून अधिक रपेट, तीही पावसाळ्यानंतरच्या खडबडीत रस्त्याने. अशा वाटेस शर्यतीची अरुंद चाके काय कामाची! 32 मिलिमीटर रुंदीचा टायर आणि त्यावर मडगार्ड बसेल एवढी जागा चिमट्यात ठेवावी, हे त्यास पटले.

पोलादाविषयी मात्र त्याची एक समजूत आम्हांस दुरुस्त करावी लागली. महाग पोलाद अधिक ताठ असते असे तो समजत होता. सर्व पोलादांचा ताठपणा जवळजवळ सारखाच. तो वाढतो नळीच्या घेराने व जाडीने. महाग पोलादाची मजबुती अधिक, म्हणून त्याची नळी पातळ ओढता येते व वजन घटते. इंग्लंडातील रेनॉल्ड्स कंपनीने 1935 साली काढलेली 531 ही नळी याच गुणाने गाजली. टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशी ती करीत, कारण सांध्यापाशीच ताण अधिक. परंतु जो पाठीमागे सामान बांधून घाट चढणार, त्याने सर्वांत पातळ नळीचा मोह धरू नये.

चिमट्याची गोष्ट अधिक नाजूक. हँडलच्या दांड्याची रेषा खाली जमिनीपर्यंत नेली, तर चाक टेकते ते ठिकाण तिच्या किंचित मागे पडते. हे अंतर फार कमी असेल तर हँडल चंचल, फार असेल तर मंद. चिमट्याच्या टोकाचा पुढचा बाक हे अंतर ठरवितो. म्हणून फ्रेम एकाकडून व चिमटा दुसऱ्याकडून, असे न करता दोन्ही एकत्र सांगावीत. डिस्क ब्रेक हवा असल्यास तेही तेव्हाच सांगावे, कारण त्याचा सारा जोर चिमट्याच्या एकाच पायावर येतो आणि तो पाय त्या बेताने जाड घ्यावा लागतो. आखूड फ्रेमेत वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकास अडतो का, हेही कारागिरास विचारावे. घाटात चिमटा मोडणे म्हणजे काय, हे वडिलांना सांगावे लागले नाही.

रविवारी त्यांच्यासह आम्ही लाल गिरजात मिस्सेस गेलो. हे महामंदिर अस्सीसीकर संत फ्रान्सिसच्या नावाचे. परतताना आम्ही मुलास जीनो बार्ताली या इटालियन सायकलपटूची हकीकत सांगितली. फ्रान्सची मोठी शर्यत त्याने 1938 व 1948 साली जिंकली. मधल्या युद्धकाळात, 1943 ते 1944 च्या दरम्यान, फ्लॉरेन्सचे कार्डिनल दाल्ला कोस्ता यांच्या सांगण्यावरून तो सरावाच्या मिषाने अस्सीसीपर्यंत जाई आणि लपलेल्या यहुदी लोकांसाठी बनावट ओळखपत्रे सायकलीच्या पोकळ नळ्यांत दडवून नेई. 2013 साली इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा मरणोत्तर गौरव केला. हयातीत तो याविषयी फारसा बोललाच नाही.

वडील ऐकत होते. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच मापाची पट्टी काढली, मुलास भिंतीशी उभे केले आणि पायाची लांबी दोनदा मोजून कागदावर लिहिली. रंगाचे मात्र अजून ठरलेले नाही. आईस निळा हवा आहे.