पंपाला किती?

कीटकनाशकाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेले माहितीपत्रक मराठीत लिहिणे हा माझा व्यवसाय. कायद्याने पत्रक हवे म्हणून ते असते. बारीक अक्षरांतला तो कागद कोण वाचते, हा प्रश्न मला कित्येक वर्षे पडलाच नाही.

२०१८ साली अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी सांगलीच्या उसावरही दिसली. तिच्यावरील पत्रकाचे काम माझ्याकडे येण्यापूर्वीच तिची छायाचित्रे शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत होती. शेपटीजवळ चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके पाहून ती ओळखावी, हे शेतकरीच एकमेकांना सांगत होते. कुतूहलाने मीही सातारा-सांगलीकडील अशा एका गटात सामील झालो.

एके दिवशी कोरेगावकडील एका टोमॅटो उत्पादकाने मीच लिहिलेल्या पत्रकाचे छायाचित्र तेथे टाकले. "हेक्टरी ५०० लिटर पाण्यात २५० मिली, हे कळलं. पण पाठीवरच्या पंपाला किती?" खाली तत्काळ उत्तर आले, "एक टोपण टाका, दादा."

मी चपापलो. प्रत्येक बाटलीचे टोपण निराळे. कोणते दहा मिलीचे, कोणते पंचवीसचे. हिशेब तर सोपा होता : लिटरला अर्धा मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साडेसात मिली. मात्र तो मी कधी मांडलाच नव्हता. मंजूर मजकूर अचूक उतरवला की आपले कर्तव्य संपले, अशी माझी समजूत होती. मी जेथे थांबलो होतो, तेथून त्या टोपणाचा कारभार सुरू झाला होता.

मी गटात हिशेब लिहिला. मंजूर मजकुरात फेरफार करण्याचा अधिकार मला नव्हता. तेव्हा पंपाच्या मापाचा तक्ता स्वतंत्र पानावर द्यावा, असा आग्रह मी पुढे धरला आणि तो मान्यही झाला.

गटातील उत्तर चुकले तर त्याची जबाबदारी कोणावरच नसते. पत्रकावर ती असते, परंतु त्याला प्रश्न ऐकू येत नाहीत. आता लिहिण्यापूर्वी मी गटातले प्रश्न वाचतो. चुकीचे उत्तर दिसले तर ते त्याच रात्री दुरुस्त करतो. कारण फवारणी दुसऱ्या दिवशी सकाळीच व्हायची असते.