बुंध्यातला भुसा

आमच्या परसातलं मानकुरादाचं कलम बाबांनी १९८२ साली लावलं. म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटं. बाबा होते तोवर या झाडाविषयी मला ठाऊक होतं ते एवढंच, की एप्रिल-मेमध्ये आंबे पिकतात आणि त्याच सुमारास पाहुणेही येतात!

बाबांचं मात्र वर्षभर काही ना काही चाललेलं असायचं. पावसाच्या सुरुवातीला शेणखत घालायचे, पण बुंध्याशी नव्हे. फांद्यांची सावली जिथे संपते तिथे गोल चर खणून. अन्न ओढणारी मुळं तिकडे असतात, हे मला फार उशिरा कळलं. चतुर्थी झाली, पाऊस ओसरला की कोयता घेऊन बांडगुळं काढायची. नुसतं बांडगूळ छाटून भागत नाही, ते पुन्हा फुटतं. खालची हातभर फांदीही घ्यावी लागते. मोहोर फुटायच्या दिवसांत पाणी बंद. आम्हा मुलांना वाटायचं, बाबा झाडाला उपाशी ठेवतात.

२०१९ मध्ये बाबा गेले. मी सरकारी कारकून. कुठली फाईल कुठल्या तारखेला कुणाच्या टेबलावर होती ते सांगेन, पण परसातलं बांडगूळ तीन वर्षं डोळ्यांसमोर वाढत होतं ते दिसलं नाही. मग एका बाजूची फांदी पिवळी पडली. बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसला. मी समजलो वाळवी, आणि बाजारातून पावडर आणून टाकली. झाडाला त्याचं काय!

एके दिवशी शेजारचे काका गडग्यापलीकडून ओरडले, "हो भुसो खंयचो रे?" उत्तराची वाट न पाहता आत आले, बुंध्यावर हात फिरवला आणि म्हणाले, भिरूड.

भिरूड म्हणजे एका मोठ्या, लांब मिशांच्या भुंग्याची अळी. भुंगा सालीच्या खाचेत अंडी घालतो, अळी आत शिरते आणि कित्येक महिने लाकूड पोखरत राहते. बाहेर दिसतो तो फक्त भुसा. काकांनी सायकलीच्या चाकाची जुनी तार मागवली, टोक वाकवून भोकात घातली. पहिली अळी बाहेर आली ती माझ्या बोटाएवढी जाड, पांढरट. अशा पाच निघाल्या. भोकांत रॉकेलचा बोळा कोंबून वर चिकणमाती लिंपली. वाळलेली फांदी मात्र कापावीच लागली. कापल्या जागी मोरचूद आणि चुन्याचा लेप लावला.

बायकोचं म्हणणं, झाड छपरावर झुकलंय, पोकळ झालंय, एखाद्या पावसाळ्यात घरावर येईल, पाडून टाकूया. तिचं चुकत नाही. आई यावर काहीच बोलत नाही. चेपणीसाठी तोरं विकत आणायची वेळ आली तेव्हा तेवढी गप्प बसली होती.

पाडायचं की ठेवायचं, अजून ठरलेलं नाही. गेल्या वर्षी मोहोर आला तो रस्त्याकडच्या दोनच फांद्यांवर. आंबे मोजून अकरा, त्यातले तीन फळमाशीने किडवले. ते खोल पुरले. तसेच टाकले तर अळ्या मातीत जाऊन पुन्हा माश्या होतात.

आज सकाळी एका भोकाखाली थोडा ताजा भुसा पडलेला होता. तार आता मागल्या दारी खिळ्यालाच टांगलेली असते.