बेदरचा भोंगा

आम्हा गोवेकरांना बेदर ठाऊक असतं ते कीर्तनातून. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं लुटू दिली आणि विठू महार होऊन पांडुरंगाने पैसे भरले ते याच गावी. किल्ला पाहायला गेलो तर तिथंही आपला तांबडा जांभा दगड! परक्या गावी नातेवाईक भेटावा तसं झालं.

गणपतीचे दिवस होते. भालकीला एका दुरुस्तीवाल्याच्या दुकानात मोठ्या सबवूफरांची रांग लागलेली. या पट्ट्यात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात नांदतात. मी म्हटलं, "पाऊस लागला वाटतं?" तो हसला. "पाऊस नाही साहेब, माणूस लागला."

मग त्याने एक उघडून दाखवला. चुंबकाच्या फटीत तांब्याच्या तारेची कॉइल असते. अँप्लिफायरच्या शक्तीतला अगदी थोडा भाग आवाज होतो, बाकीची सगळी उष्णता. अँप्लिफायर लहान आणि बटण शेवटापर्यंत पिळलेलं असेल, तर आवाजाच्या लाटांचे माथे छाटले जातात, कॉइल जास्तच तापते, डिंक मऊ होतो, वेढे सुटून फटीत घासतात. मग करपल्याचा वास. कधी पेटीच्या मापापेक्षा खालचा सूर दिला की कोन आवरत नाही आणि कॉइल मागच्या पत्र्यावर आपटते. दोन पेट्यांच्या तारा उलटसुलट जोडल्या तर धडधड एकमेकींना मारते. कमी ऐकू येतं म्हणून चालवणारा बटण आणखी पिळतो. आमच्याकडे दमट हवेने कोनाची फोमची कड भुसभुशीत होते. तिथे बारीक धूळ फटीत जाते.

२००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० वाजता भोंगे बंद व्हायला हवेत. मिरवणूक रेंगाळलेली, पोरं हट्टाला पेटलेली, म्हणून शेवटच्या तासात सगळं जोरात. पैसे मंडळाचे, कॉइल मात्र भाड्याने देणाऱ्याची जळते. नवी गुंडाळेपर्यंत त्याचा सीझन संपतो.

वास्कोच्या सप्ताहात टाळ-मृदंगावर चोवीस तास भजन चालतं, तिथं अशी काही कॉइल लागत नाही. मी काही डीजेचा वैरी नव्हे, पोरांनी नाचावं. पण कोनाला नवी कॉइल बसवता येते. कानाच्या आतल्या नाजूक केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि त्या गुंडाळून देणारं दुकान भालकीतही नाही, मडगावातही नाही. असो.