कोटीभर फाइली, आणि एकीलाही न विचारता!

झालं? इतक्यात? कमांड देऊन एन्टर दाबलं, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडतोय तोवर प्रॉम्प्ट परत आलेला! आधी एरर शोधला. कुठेच नाही. मग बॅकअपच्या मशिनवर लॉगइन करून एकेक मेलबॉक्स उघडून पाहिला. सकाळपासून आलेल्या सगळ्या मेल तिथे जागच्या जागी. रात्री लावलेला बॅकअप दुसऱ्या दिवशी ऑफिस भरेपर्यंत रेंगाळत राहायचा, तोच हा सर्व्हर आणि त्याच कोटीभर फाइली. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच! तेव्हापासून भेटेल त्याला हे सांगत सुटलोय, आता तुम्हालाही सांगतो.

आमचा सर्व्हर मेलचा. मेल साठवायची पद्धत मेलडिर, म्हणजे डॅनियल बर्नस्टाईन यांनी क्यूमेलसाठी 1990 च्या दशकात आखलेली. नियम सरळ आहे: एक मेल, एक फाइल. लॉक लावायची भानगड नाही, एखादी फाइल बिघडली तरी बाकीच्या सुखरूप. पद्धत उत्तमच. पण वर्षानुवर्षं मेल साठत जातात आणि बारीक बारीक फाइलींचा आकडा कोटीच्या घरात पोचतो.

जरा हिशेब मांडू. एक कोटी फाइली, प्रत्येकी 4 केबी, म्हणजे सगळा मिळून 40 जीबी डेटा. सेकंदाला 150 एमबी वाचणारी साधी हार्डडिस्क एवढा डेटा सलग वाचायला साडेचार मिनिटं घेते. पण फाइली सलग नसतात ना! 7200 आरपीएमच्या डिस्कचा एक फेरा 8.3 मिलिसेकंदांचा. हेड सरकायचं, मग तबकडी फिरून हवा तो भाग त्याच्याखाली यायची वाट पाहायची, यात 10 मिलिसेकंद सहज जातात. एका फाइलीमागे अशी एकच खेप धरली, तरी कोटी फाइलींना एक लाख सेकंद. म्हणजे जवळजवळ 28 तास! साडेचार मिनिटं कुठे आणि 28 तास कुठे. एसएसडीवर ही खेप फार स्वस्त पडते, पण खेपा कोटीच्या कोटीच राहतात. वेळ डेटा खात नाही, संख्या खाते.

इतकी वर्षं आम्ही हे काम आरसिंकवर करत होतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचं हे 1996 चं टूल मला आजही मनापासून आवडतं. मोठ्या फाइलीतला बदललेला तेवढाच भाग नेटवर्कवरून पाठवायची त्याची युक्ती अफाट आहे. पण मेलचा मजकूर एकदा आला की कधीच बदलत नाही, तिथे ती युक्ती वापरायला वावच मिळत नाही. उरतं काय, तर जनगणनेच्या प्रगणकासारखं दारोदार जाऊन विचारणं: आकार तोच आहे का, वेळ तीच आहे का? कोटी दारं, आणि बहुतेकांचं उत्तर एकच: काही बदललेलं नाही.

आणि आता झेडएफएस! ही फाइल सिस्टिम जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरन्स यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये 2001 पासून घडवायला घेतली आणि 31 ऑक्टोबर 2005 रोजी ती सोलॅरिसच्या मूळ सोर्समध्ये दाखल झाली. म्हणजे मी ज्याने आज थक्क झालोय, ते इतकी वर्षं आपल्या सगळ्यांसाठी तयार होतं!

झेडएफएस बदललेला ब्लॉक जुन्या जागी कधीच लिहीत नाही, नव्या जागी लिहितं. जागा बदलली की पत्ता बदलला. हा पत्ता ज्या वरच्या ब्लॉकमध्ये नोंदलेला असतो, तोही मग नव्याने लिहावा लागतो. मग त्याच्या वरचा, आणि असं करत थेट मुळापर्यंत. मध्येच वीज गेली तरी जुना डेटा शाबूत राहावा, म्हणून ही रचना. पण खरा खजिना त्या पत्त्यात आहे. पत्ता 128 बाइटचा असतो. ब्लॉक कुठे आहे आणि त्याचा चेकसम काय, याशिवाय त्यात आणखी एक आकडा असतो: ब्लॉकचा जन्मक्रमांक. साठलेले बदल झेडएफएस साधारण दर पाच सेकंदांनी एकगठ्ठा डिस्कवर उतरवतं आणि दर गठ्ठ्याला क्रमांक एकाने वाढतो. ब्लॉक ज्या गठ्ठ्यात लिहिला गेला, तो त्याचा जन्मक्रमांक.

आता या दोन गोष्टी जोडून पाहा. खालचा ब्लॉक बदलला की वरचा बदलतोच. म्हणजे वरच्याचा जन्म खालच्याच्या आधीचा असूच शकत नाही. म्हणजेच एखाद्या पत्त्यावरचा जन्मक्रमांक मागच्या स्नॅपशॉटपेक्षा, म्हणजे मागच्या बॅकअपच्या वेळी गोठवलेल्या चित्रापेक्षा, जुना दिसला, की त्याच्या पोटात काहीही, अगदी काहीही बदललेलं नाही! तिथे खाली उतरायचंच नाही. पुढचा पत्ता!

किती फाइली सुटतात यात? एका फाइलीची नोंद, म्हणजे तिचा आकार, मालक, वेळा वगैरे, साधारणतः 512 बाइटांत मावते. अशा 32 नोंदी 16 केबीच्या एका ब्लॉकमध्ये. त्याच्या वरच्या 128 केबीच्या ब्लॉकमध्ये असे 1024 पत्ते. 1024 गुणिले 32 करा. एका आकड्यावर नजर टाकली आणि 32,768 फाइली एका झटक्यात बाजूला! नोंदी सलग भरलेल्या असतील, तर कोटी फाइलींसाठी असे वरचे ब्लॉक लागतात तीनशेहून जरासे जास्त. एक कोटी प्रश्नांच्या जागी काहीशे! हे गणित कागदावर मांडलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

पुढचा धक्का मेलडिरनेच दिला. मेल आली की 'न्यू' फोल्डरमध्ये पडते. मेल प्रोग्रॅमने ती पाहिली की 'कर' फोल्डरमध्ये जाते, आणि वाचल्याची खूण थेट फाइलीच्या नावात लागते: शेवटी कोलन, दोन, स्वल्पविराम आणि एस हे अक्षर. म्हणजे कुणी मेल नुसती वाचली तरी फाइलीचं नाव बदललं! आरसिंकच्या नेहमीच्या पद्धतीत ही नवीनच फाइल: ती सगळी पाठवा, जुनी पुसा. सोमवारी सकाळी शेकडो लोक आपापल्या मेल वाचतात आणि वाचलेली प्रत्येक मेल बॅकअपला नवी दिसते. झेडएफएसला मात्र दिसतं की फोल्डरची यादी बदलली, फाइलीची नोंद बदलली, पण मजकुराच्या ब्लॉकचा जन्मक्रमांक जुनाच. मग मजकूर जागचा हलतही नाही. वाह!

आणि हे सगळं एका स्थिर क्षणाचं चित्र असतं. कोटी फाइली फिरायला तास लागले की यादीतली फाइल तिच्यापर्यंत पोचेस्तोवर गायब झालेली असते. आरसिंकचा 24 नंबरचा एक्झिट कोड याचसाठी आहे. झेडएफएसचा स्नॅपशॉट पापणी लवते न लवते तोच तयार होतो. मग पाठवायला कितीही वेळ लागो, पाठवलं जातं ते त्याच क्षणाचं चित्र.

करायला घ्याल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. दोन्ही टोकांना झेडएफएस हवं. पहिली संपूर्ण प्रत न्यायला वेळ द्यावाच लागतो, सुटका आहे ती पुढच्या प्रत्येक खेपेला. आणि त्याच डिस्कवरचा स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो दुसऱ्या मशिनवर, जमलं तर दुसऱ्या इमारतीत पोचला आणि तिथून परत आणून पाहिला, की मगच बॅकअप. बॅकअपची जागा परक्याची असली तरी घाबरू नका: 2019 च्या 0.8 आवृत्तीपासून एन्क्रिप्ट केलेला डेटा तसाच बंद पाठवता येतो, समोरच्या मशिनला चावी द्यावीच लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: बॅकअप रात्रीच घ्यायचा ही सवय या वेळखाऊपणातून आली होती, ती आता सोडता येते. आम्ही तासातासाला घेतोय! अकरा वाजताच्या स्नॅपशॉटनंतर कुणाच्या हातून मेल पुसली गेली, तर लपलेल्या झेडएफएस फोल्डरमध्ये अकराचा स्नॅपशॉट उघडायचा, फाइल कॉपी करायची, झालं. तुमच्याकडे कॉलेजच्या विद्यार्थ्यांची कागदपत्रं असोत, वर्तमानपत्राचे फोटो असोत की स्कॅन केलेली पानं, जिथे फाइली बारीक आणि अगणित आहेत तिथे हे करून पाहाच. एका मोकळ्या डिस्कवर पूल बनवा, फाइली ओता, एक स्नॅपशॉट घ्या, चार फाइली बदला, दुसरा घ्या. मग बॅकअप पाठवणाऱ्या झेडएफएसच्या सेंड कमांडला 'आय' पर्यायासह ते दोन्ही स्नॅपशॉट आणि सोबत 'एन' आणि 'व्ही' हे पर्याय द्या. काहीही न पाठवता ती आधीच अंदाज सांगते की दोन स्नॅपशॉटमधला फरक किती एमबीचा आहे. तो आकडा पाहा, आणि मग मला सांगा!