फुरसुंगीचा फेणे थोरला झाला

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २७ ऑक्टोबर २०१७ रोजी पडद्यावर आला, आणि आमच्या निपाणी-बेळगावच्या आप्तांमध्ये जो वाद सुरू झाला, तो आजही पुरता शमलेला नाही. आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात अमेय वाघ बनेश फेणे झाला आहे. मात्र हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकल दामटणारा शाळकरी पोर नव्हे. हा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण. तेथे नुकत्याच ओळख झालेल्या एका मुलाचा मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदला जातो. बनेशला ते पटत नाही. मग कथा परीक्षांच्या काळ्या बाजारातून, बऱ्याचशा अंधारातून पुढे सरकते.

निपाणीचे माझे थोरले बंधू या अंधारावरच रुष्ट आहेत. ते म्हणतात, "भागवतांच्या गोष्टीत संकट यायचे, पण वाचणाऱ्या पोराला रात्री सुखाने झोप लागायची. इथे प्रेत आहे. मुलांचा नायक मोठ्यांनी पळवला!" बेळगावच्या आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंना हा राग नवा वाटत नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन फेणे झाले, तेव्हाही आपल्या मनातला फेणे वेगळा असल्याचे लोक म्हणत होते, अशी आठवण त्या सांगतात. बंधूंच्या कन्येने मात्र वडिलांना गप्प केले. "बाबा, तुमच्या फेणेला चोर दिसायचे तरी. आमच्या परीक्षेतले चोर दिसतच नाहीत."

मला पुतणीचे म्हणणे पटते. अवघ्या काही तासांच्या ओळखीच्या मित्रासाठी जिवावर उदार होणे, हा फेणेचा मूळ धर्म; तो चित्रपटाने सोडलेला नाही. दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने खुद्द भागवतांनाच कथेत आणून दिग्दर्शकाने ऋणही मान्य केले आहे.

तरी बंधूंच्या रागात एक खरे दुःख आहे. भागवतांचा फेणे केवळ पराक्रमात नव्हता. तो त्यांच्या खट्याळ, उड्या मारणाऱ्या मराठी वाक्यात होता. 'ट्टॉक' वाचताना जीभ आपोआप टाळ्याला लागे. ते वाक्य कॅमेऱ्याला कसे टिपता यावे? आपल्या सीमाभागात तर हा प्रश्न अधिकच बोचतो. पुतणीचे शिक्षण इंग्रजीत, शाळेत जोडीला कन्नड. मराठी उरली ती घरातल्या बोलण्यापुरती. चित्रपट तिने दोनदा पाहिला. पुस्तकाचे पान मात्र ती बोट ठेवून, अडखळत वाचते.

परंतु ते पुस्तक तिने मागितले, हे विसरून चालणार नाही. त्यापूर्वी कित्येक वर्षे ते बंधूंच्या कपाटात पडून होते. हल्ली जेवणे आटोपली की बंधू एक प्रकरण मोठ्याने वाचतात, पुढचे ती वाचते. चित्रपटावर रागावलेल्या वाचकांनी आपला राग असाच कारणी लावावा, एवढेच माझे सांगणे आहे.