नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

गेल्या वर्षी श्रावणात सावंतवाडीहून आत्याचा फोन आला. "काय गो, तुमच्याथंय माकडताप इलो म्हणतत? पोरांक सांभाळ." टीव्हीवर मंकीपॉक्सची बातमी ऐकून तिने आपल्या ओळखीच्या तापाशी त्याची सांगड घातली होती. तेही साहजिकच, कारण दोडामार्ग-सावंतवाडीकडे २०१६ पासून माकडतापाने माणसं दगावली आहेत. पण तो ताप वेगळा. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, आणि रानात माकडं मरून पडू लागली की गाव सावध होतं.

मंकीपॉक्स हा देवीच्या विषाणूचा भाऊबंद. त्यात गोचीड नाही आणि माकडाचाही दोष फारसा नाही. १९५८ साली कोपनहेगनच्या एका प्रयोगशाळेतल्या माकडांमध्ये तो पहिल्यांदा सापडला, म्हणून ते नाव पडलं. रानात तो बहुधा उंदीर-खारींसारख्या प्राण्यांत राहतो. माणसातला पहिला रुग्ण म्हणजे १९७० साली काँगोमधलं एक तान्हं बाळ. जुन्या नावावरून माणसांची हेटाळणी होऊ लागली, तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते बदलून 'एमपॉक्स' केलं. मी शिक्षिका होते तेव्हा पाहिलंय, वर्गात एखाद्याला टोपणनाव चिकटलं की ते वर्षभर निघत नाही. मराठीत तर नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचंच अंतर!

आजाराची लक्षणं साधारण अशी. ताप येतो, अंग दुखतं, गळ्याशी किंवा जांघेत गाठी येतात आणि अंगावर फोड उठतात. ब्लॅकटाउनहून सिटीत जाणाऱ्या ट्रेनमध्ये शेजारी बसल्याने तो सहसा होत नाही. त्वचेला त्वचा लागणं, शरीरसंबंध, रुग्णाचे कपडे-अंथरूण यांतून तो पसरतो. बहुतेक जण दोन ते चार आठवड्यांत बरे होतात, पण शेवटची खपली पडून खाली नवी त्वचा येईपर्यंत जपायचं. फोडातल्या द्रवाच्या तपासणीवरून निदान होतं. लसही आहे, किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस.

ऑस्ट्रेलियात तो मे २०२२ मध्ये आला. २०२३ मध्ये अगदी थोडे रुग्ण होते, २०२४ मध्ये मात्र संख्या हजाराच्या वर गेली आणि आपलं न्यू साऊथ वेल्स त्यात पुढे होतं. इथे तो मुख्यतः पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये पसरला, म्हणून त्यांना लस मोफत मिळते. काँगोत मात्र लहान मुलंही मोठ्या संख्येने आजारी पडली. श्रीमंत देशांत २०२२ पासूनच लस मिळत होती, काँगोत तिची पहिली खेप पोहोचायला सप्टेंबर २०२४ उजाडला. विषाणू माणसाची जात-पात पाहत नाही, औषध मात्र पाहतं.

त्या दिवसांत एका पॉटलकमध्ये हा विषय निघाला. "आपल्यात कुठे असलं काही असतं!" एक ताई म्हणाल्या, आणि विषय पुढच्या भाजीकडे वळला. माझ्या डोक्यात तो 'आपल्यात' अडकून बसला. आपल्यात शिकायला आलेली मुलं आहेत, चौघांत एक घर भाड्याने घेऊन राहणारी. त्यांतल्या एखाद्याला पुरुषच आवडत असतील आणि घरी ते माहीत नसेल, तर त्याने काय करायचं? लस मागायची तर डॉक्टरपुढे मन उघडं करावं लागणार. आणि आपला डॉक्टर कोण? बरेचदा आपल्याच ओळखीतला, गणपतीला भेटणारा. मुलगा लस घेणार नाही. फोड आले तरी, उष्णतेने आले असतील, म्हणेल. साथीला एवढी फट पुरते.

माझ्या आईच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे, माझ्या दंडावर नाही. मे १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. हे लशीमुळे झालंच, पण नुसत्या लशीमुळे नाही. आरोग्य कर्मचारी आजारी बाळाचं चित्र घेऊन दारोदार फिरले. "असं कुणी पाहिलंत का?" एवढंच विचारत. जिथे कुणी "हो" म्हटलं, तिथे आसपासच्या सगळ्यांना लस टोचली गेली. एमपॉक्सलाही हीच रीत लागू पडते. रुग्ण सापडला पाहिजे, त्याच्या संपर्कातली माणसं सापडली पाहिजेत, आणि त्यासाठी त्याला सांगायची भीती वाटता कामा नये.

बोट दाखवण्याचा इतिहास या शहरालाही आहे. १८८१ साली सिडनीत देवीची साथ आली तेव्हा खापर चिनी कुटुंबांवर फुटलं. परक्या देशात आलेल्या आपल्यासारख्यांनी हे तरी विसरू नये.

५ सप्टेंबर २०२५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने एमपॉक्सची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. आजार मात्र संपलेला नाही. लस शोधणं, ती काँगोला पोहोचवणं ही मोठ्यांची कामं. आपल्या वाट्याचं काम स्वयंपाकघराएवढंच आहे. या दिवाळीत घरी फराळाला पोरं येतील. त्यांच्यासमोर असा विषय निघाला, तर "शी!" म्हणण्याआधी क्षणभर थांबू या. चकली उचलणाऱ्यांपैकी कुणीतरी कान देऊन ऐकत असेल, आपल्याला सांगावं की नाही हे ठरवत असेल.